बटण नसलेल्या रेडिओची वाटणी

मी, पद्माकर दत्तात्रय धुपकर, वय ५४, राहणार नवविहार सोसायटी, द्वारका, नवी दिल्ली, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी अलका हिची याला हरकत आहे, ती नोंदवली. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या घरात तेवढे लक्ष माझ्याकडे कोणी देत नाही.

१. फ्लॅट व ठेवी अलकाच्या. सोल्डरिंगची पेटी मेहुणा सुधन्वा याला. ती त्याने १९९८ सालीच नेली आहे. आता कायदेशीर झाली.

२. राहिला 'रेडिओ नवविहार'. १९९७ साली लक्ष्मीबाई नगरचे सरकारी क्वार्टर सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा पाण्याचा टँकर कधीही येई नि कोणाला न सांगता जाई. मी ब्याण्णव स्वयंपाकघरांत तारा ओढून स्पीकर बसवले आणि माइकवरून टँकरची वर्दी देऊ लागलो. स्पीकरला बटण बसवायचे राहून गेले. त्यामुळे आमचा श्रोतृवर्ग पहिल्या दिवसापासून शंभर टक्के आहे. तार तोडली तर पाणी चुकते.

३. दोन टँकरांच्या मधल्या वेळात मी नाट्यसंगीत लावले. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी खुराणा वर आले. "धुपकरजी, यह आदमी गा रहा है या इसे कुछ हो रहा है?" मग भांगडा लावला. २००० साली वास्तुशास्त्र: एकोणीस घरांनी शेगड्या आग्नेयेला हलवल्या, त्यातल्या पाच बाल्कनीत निघाल्या. २००३ साली शेअरचे भाव. २००५ साली इंग्रजी संभाषणाचा वर्ग. त्यात मी "टँकर हॅज अराइव्ह्ड" म्हणालो. ब्याण्णव स्वयंपाकघरांनी ते वाक्य मोठ्याने, एका सुरात म्हटले. खाली कोणी उतरले नाही. टँकर भरलेलाच परत गेला.

४. तेव्हापासून कमिटी म्हणते, स्पीकरला बटण बसवा, नाहीतर सायरन आणतो. मी तीन वर्षे तांत्रिक अडचणी सांगितल्या. खरी अडचण अशी की बटण बसले की किती जण ऐकतात ते कळेल, आणि मला ते कळायला नको आहे.

५. रेडिओ कन्या अपूर्वा हिला द्यावा, असे ठरवून तिला विचारले. ती मानेसरला कारच्या कारखान्यात ऑफिसात आहे.

"बाबा, यार, टँकरसाठी मी रोज सुट्टी घेऊ?"

"दिवसा आई बोलेल. तिचा आवाज माइकशिवायही पोचतो."

"अच्छा. पण मी बटण लावणार."

"मग कोण ऐकेल?"

"ज्याला ऐकायचंय तो. कोंडून ऐकवलेलं मला नको. नाहीतर खुराणा अंकलना देऊन टाका."

अलका आतून म्हणाली, "पहिलं बटण आपल्या घरात लाव गं."

६. सबब, रेडिओ, माइक व तारा अपूर्वाला, बटणासकट. मात्र बटणे सोमवार उलटल्यावर बसवावीत. भूल चढेपर्यंत ब्याण्णव स्वयंपाकघरे माझीच असावीत.

७. मी शुद्धीवर आलो तर हे मृत्युपत्र रद्द समजावे. बटणे रद्द होणार नाहीत, असे अपूर्वाने माझ्याकडून लिहून घेतले आहे. पहिल्या दिवशी किती घरांत आवाज चालू राहिला, हे मला कोणी सांगू नये. मी खाटेवर असो वा फोटोत. अलकाने तर नाहीच.

वाचून, खोडून, पुन्हा लिहून सही केली.
पद्माकर दत्तात्रय धुपकर

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
१. हरबंसलाल खुराणा, सेक्रेटरी (शेरा: सायरन का ऑर्डर रोक दिया है)
२. विनया सूर्यकांत करंदीकर, तिसरा मजला (शेरा: आमच्याकडे चालू राहील. हे त्यांना सांगू नये.)

द्वारका, नवी दिल्ली
शनिवार, २१ जून २००८