मोबाईलमधला तुमचा पार्क

अहो,

समोर होतात तेव्हा तुम्हाला साधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही कधी, आणि आता तुमच्या माघारी पत्र लिहायला बसले आहे. पण काल आपल्या तनूच्या बाबतीत जे झालं, ते तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगू? शिवाय तुमच्यावर रागही आहे. तोही काढायचाय.

राग आहे तो तुमच्या फोनमधल्या त्या पार्कवरून. पाळणे, झुकझुक गाडी, उलट्यापालट्या फिरणाऱ्या गाड्या आणि तिकीट काढून येणारी मुंगीएवढी माणसं! जेवणं झाली की तुम्ही बापलेक त्यात डोकं खुपसून बसायचात. मी ओरडायचे, "बाप हायसा का बारकं प्वार?" तुमचं आपलं चालूच. "अगं, गर्दी लई झालीया, संडास कमी पडत्यात!" यावर माणसानं काय बोलावं?

पार्क सारखा तोट्यात जायचा. तनू म्हणायची, "पप्पा, झाडूवाले जास्त झालेत. दोघांना काढून टाका ना." तुम्ही म्हणायचात, "कुनाला काढायचं न्हाई. आपला पार्क हाय, आपल्याला कोन विचारतंय?" पिरंगुटच्या कंपनीनं तुम्हाला कमी केलं, तेव्हा घरात एक शब्द बोलला नव्हतात. गॅसपाशी उभी राहून मी सगळं ऐकायचे. तुम्हाला वाटायचं, हिला त्या खेळातलं काही कळत नाही. एवढं कळत होतं हो मला.

आणि खऱ्या पाळण्याला घाबरणारा माणूस म्हणजे तुम्हीच! मुठ्याच्या जत्रेत आम्ही मायलेकी वर, आणि तुम्ही खाली आमच्या चपला धरून उभे. "एक जन खाली पायजे," म्हणे. आता खाली कोण उभं राहणार, सांगा ना?

तुमच्या छातीत कळ आली त्या दिवशी दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत फोन घरीच राहिला. तनूनं पार्कचं फाटक बंद केलं. खेळात तशी सोय आहे म्हणे. फाटक लावलं की नवीन माणसं येत नाहीत, आतलं काही बिघडत नाही. "पप्पा आलं की उघडू," म्हणाली. तुम्ही आलात ते पांढऱ्या चादरीत. पोरगी रडली नाही. दहाव्यालाही तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. समाचाराला आलेल्या शाळेच्या बाईंना तिनं सांगितलं, पप्पा दवाखान्यात आहेत. रोज तुमचा फोन चार्जिंगला लावायची आणि फाटक बंद आहे ना, ते बघायची. मला भीती वाटायला लागली. हिला आता कोण सांगणार, आणि कसं?

तेराव्याला तुमच्या वापरातल्या वस्तू दान दिल्या. छत्री, चपला, अंथरूण. रीतच आहे ती. तुमच्या धाकट्या भावानं, भाऊजींनी, त्यात तुमचा फोनही घातला. देताना वस्तू स्वच्छ करून द्यायची असते, म्हणून आधी पौडच्या दुकानात नेऊन आतलं सगळं पुसून आणलं! मी आत बायकांत बसलेले. मला कोण विचारतंय?

फोन दिसेना तेव्हा तनूनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी काल भाऊजी तो परत घेऊन आले. पुसला म्हणजे काय काय गेलं, हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. ओशाळून दारातच उभे राहिले. त्यांना काय बोलू? त्यांनी भावाचं शेवटचं म्हणून मनापासून केलं. पण तुम्ही? तुम्ही तरी कधी बोललात का, की पार्क त्या एका फोनातच आहे, दुसरीकडे कुठं ठेवलेला नाही म्हणून?

तनूनं खेळ पुन्हा उतरवून घेतला आणि उघडला. नुसतं हिरवं मैदान. ना पाळणा, ना माणूस. फाटकाच्या आत काहीच नाही. पोरीनं बोटानं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघितलं. मग हळूच म्हणाली, "आई, पप्पा आता येनार न्हाईत ना?"

"न्हाई बाळा."

मीसुद्धा हे तोंडानं पहिल्यांदाच म्हटलं. मग ती अशी रडली, अशी रडली, की शेजारच्या काकू धावत आल्या. मीही रडले. तिच्या रडण्यानं मला बरं वाटलं, आणि तसं बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. तुम्ही गेलात ते खरं म्हणजे काल गेलात.

पुष्कळ वेळानं तिनं नाक पुसलं आणि फोन उचलला. नवा पार्क सुरू करताना मालकाचं नाव विचारतात. ती एकेक अक्षर दाबत होती. मला वाटलं, तुमचं नाव घालत असेल. रेशनकार्डावर, लाइटबिलावर, दारावरच्या पाटीवर, या घरात सगळीकडे तुमचंच तर नाव आहे. वाकून बघितलं, तर तिथं माझं नाव होतं.

"आता तूच हायेस ना," ती म्हणाली.

अहो, मला त्या खेळात बोट कुठं लावायचं तेही कळत नाही! पण मी शिकेन. रोज तिच्याजवळ बसेन. आणि खेळता खेळता तुमची आठवण येऊन ती रडायला लागली, तर "गप, रडू नको" असं मी तिला कधीच म्हणणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
सुनंदा
भरे, ता. मुळशी