लालासाहेबांचे नारळ आणि थरथरणारी रेघ

बुधगाव,
रविवार

हवालदार राजवर्धन यांस,

घरून तुमच्या रेश्माचा नमस्कार. इकडे आम्ही ठणठणीत आहोत. आत्याबाईंचा गुडघा दुखतो, पण कुणी विचारलं तरच. तिकडे बर्फ पडायला लागला का, पायमोजे पोचले का, ते कळवा. नोकरी दोन वर्षं वाढवून घ्यायचा अर्ज तुम्हाला याच महिन्यात द्यायचा आहे, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. तुम्ही सिग्नल पलटणीतले, आणि मला सिग्नलबद्दलच विचारायचं आहे, म्हणून हे पत्र. (फोनवर विचारलं असतं, पण फोन येतो तुमच्या आईंच्या मोबाईलवर. आत्याबाई तो स्पीकरवर टाकून कट्ट्यावर ठेवतात, निम्मी गल्ली तुमची ख्यालीखुशाली विचारते, आणि माझी पाळी येईपर्यंत तुमची रेंज जाते. मागच्या वेळी माझ्या वाट्याला फक्त एक "बरंय" आलं. तेही मला होतं की शेजारच्या साळूबाईंना, याची खात्री नाही.)

तर आमच्या कुपवाडच्या कारखान्यात स्प्रिंगा तपासायचं यंत्र आहे, तुम्ही सुट्टीत पाहिलं होतं. स्प्रिंग दाबली की सेन्सर बारीकसा सिग्नल देतो, यंत्राच्या बैठकीला लागून ठेवलेला खोका तो वाचतो आणि कॉम्प्युटरवर रेघ उमटते. यंत्र रिकामं असेल तेव्हा ती रेघ सरळ हवी. खंडेनवमीनंतर ती थरथरायला लागली. लॅब माझ्या ताब्यात, म्हणजे थरथरही माझीच. मी केबल बदलली. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं. शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग थांबवून घेतलं (त्यासाठी त्यांच्या मालकांचं गाऱ्हाणं ऐकत चहा प्यावा लागला). शेवटी पंखे, ट्यूबा सगळं बंद करून आम्ही अंधारात घाम पुसत उभे राहिलो. आमचा फिटर आकाराम तर श्वास रोखून होता. रेघ आपली नाचतेच आहे.

मग मालक लालासाहेब आले. माणूस सज्जन, पण यंत्र बिघडलं की त्यांना मेकॅनिकच्या आधी देव आठवतो. "मॅडम, खंडेनवमीच्या पूजंत कायतरी उणं ऱ्हायलं आसंल," म्हणाले, आणि पूजेच्या दिवशी फोडला होता तसाच यंत्राच्या लोखंडी बैठकीवर आणखी एक नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी रेघ जास्तच उसळली. लालासाहेबांनी त्याहून मोठा नारळ आणला. त्यानंतर रिकाम्या यंत्रावर हत्ती बसल्यासारखे आकडे यायला लागले. "लय कडक साडेसाती हाय," आकाराम म्हणाला, आणि लालासाहेबांनी मान डोलावली.

ते नारळाचं पाणी जातं कुठं, हा प्रश्न मला तेव्हा सुचला (डिप्लोमाला पहिला वर्ग होता माझा). खोक्याचं झाकण काढलं. वायरी बसवायच्या पट्टीवर पाणी वाळून चिकट थर, त्यात कुंकू, आणि गोडाला आलेल्या मुंग्या. एका वायरीवरून दुसरीवर त्यांची बिनधास्त ये-जा चाललेली. सिग्नल इतका नाजूक, की त्या ओलसर थरातून तो भलतीकडेच पाझरत होता. स्पिरिटने पट्टी पुसली, घरून केस वाळवायचं यंत्र नेऊन ती कोरडी केली, आणि रेघ सुतासारखी सरळ झाली. लालासाहेबांनी हात जोडले. "बगा, त्यो मोठा नारळच लागू पडला."

सगळे चहाला गेले. मी त्या सरळ रेघेसमोर बसून राहिले आणि मला रडू आलं. त्या थरथरीमागे धावण्यात दिवस बरे चालले होते. आता वेळेवर सुटायचं, स्कूटी काढायची, आणि घरी येऊन तुमचं ताट न घेता जेवायला बसायचं. तुमची फार आठवण येते. सुट्टीला येता तेव्हा निम्मे दिवस पाहुण्यांकडे जातात. उरलेले दिवस आपणच एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागतो, आणि जरा मोकळं बोलायला लागावं तर बॅग भरायची वेळ झालेली असते. तुम्ही गेल्यावर कितीतरी दिवस मी चहा जास्तच टाकते. असो. विषय सिग्नलचा होता.

तब्येतीला जपा. कानटोपी घालत जा.

तुमची,
रेश्मा

ता. क. सिग्नलबद्दल काही कळवायची तसदी घेऊ नका. वर लिहिलंच आहे, ते काम मिटलं. विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला पहिली ओळ लिहितानाच माहीत होतं.

आणखी एक ता. क. तो अर्ज देऊ नका. देशाला पुष्कळ वर्षं दिलीत. आता थोडी मला द्या.

शेवटचं. पाकीट चिकटवणार तोच आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. "काय लिवतीस एवढं?" म्हणाल्या. मी सगळं वाचून दाखवलं, अर्जाचं तेवढं गाळून. फोनवर गल्लीसमोर त्या तुम्हाला "वाढवून घे रं, सरकार माज्या लेकाला सोडंना झालंय" म्हणतात ना, म्हणून भ्याले. त्यांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाल्या, "माजं बी लिव. म्हनावं, फोनवर चारचौघांत मी काय बी बोलती. तू ये."