नोटीस ऐकू येईना

नांदेड,
९ जून २०२५

चि. विशाखा हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम.

पत्र ई-मेलने पाठवतो आहे, पण टाइप केलं आहे ऑफिसच्या शिस्तीत, समास सोडून. ऋतुजा खोलीवर असली की तिच्याकडून वाचून घे.

आमच्या कॉलेजात एम. ए.चे प्रवेश सुरू झाले. शेवटची तारीख ५ जुलै. नोटीस मीच टाइप करून वेबसाइटवर चढवली. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. प्राचार्य म्हणाले, विनोदराव, तुमच्यासारखं मराठी टायपिंग जिल्ह्यात न्हाई. एकतीस वर्षं एका फाँटवर हात बसला आहे, उगीच नाही. तू वाचलीस का?

कागदपत्रं पाठव, अर्ज मी भरतो. मामा ऑफिसात असताना भाचीनं कशाला जिवाला त्रास करून घ्यायचा? मामी रोज विचारते, पोरगी यंदा तरी येऊन राहिली की न्हाई. वरची खोली तिनं झाडून ठेवली आहे.

तब्येतीला जप, मामाला विसरू नको.
तुझा मामा,
विनोद


लातूर,
१२ जून २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं, पण मला नाही, ऋतुजाला. तिनं वाचून दाखवलं आणि वरच्या खोलीचं ऐकून आता तीच नांदेडला निघाली आहे.

नोटीस मी तीनदा वाचायला घेतली. मला दिसत नसलं तरी माझा फोन पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. पेपर, बँक, एसटीचं वेळापत्रक मी एकटी वाचते. तुमच्या नोटिशीवर मात्र तो के, स्लॅश, एफ, कंस असं बरळत बसला. तुमच्या जुन्या फाँटातली मराठी फक्त दिसायला मराठी असते, आत सगळी एबीसीडीची खिचडी. युनिकोडात टाइप केलं तर आतही मराठीच राहते. तुमची पत्रं मला ऋतुजाकडून ऐकावी लागतात, तीही त्याचमुळे. अर्जाचं तर विचारूच नका. चौकटींना नावंच दिलेली नाहीत. फोन म्हणतो, एडिट बॉक्स, एडिट बॉक्स. कशात जन्मतारीख आणि कशात विषय, मी काय देवऋषी आहे का?

आणि मामा, अर्ज तुम्ही भरू नका. गेल्या वर्षी मी इतिहास सांगितला होता आणि तुम्ही संगीत भरलंत, कारण कुणीतरी तुम्हाला सांगितलं की न दिसणारी माणसं गाण्यात पुढं जातात. मी तुमच्यावर विसंबून सही केली. यादी लागल्यावर कळलं, तोवर मुदत सरली होती. मी नुसती गुणगुणले तरी जळकोटला आई म्हणते, गप बाई, म्हैस पान्हा चोरायली. माझं वर्ष गेलं, मामा. यंदा माझा अर्ज मी भरणार, नाही तर भरणारच नाही.

मामींना जय भीम. रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.
आपली भाची,
विशाखा


नांदेड,
२४ जून २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र वाचलं. खरं सांगतो, आधी रागच आला. सारं नांदेड माझी नोटीस वाचतं आणि घरची पोर नावं ठेवते. मग रविवारी फोनमधलं ते बोलणारं चालू केलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि माझीच नोटीस ऐकली. पाच मिनिटांत एकतीस वर्षांचं पितळ उघडं पडलं. मामीनं आतून विचारलं, कोण वो एवढ्या शिव्या देऊन राहिलं? नंतर अर्ज उघडला. चौथ्या एडिट बॉक्सपाशी घाम फुटला आणि मी टॉवेल सोडला. तुला तो सोडता येत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं.

सोमवारपासून युनिकोड शिकतो आहे. बोटांना जुन्याच जागा पाठ, त्यामुळे एका पानाला दुपार जाते. वेबसाइट सांभाळणारा देगलूरचा विरूपाक्ष आहे, त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. बिचारा ओशाळला. चौकटींची नावं कुणी ऐकतही असेल, हे त्याच्या गावी नव्हतं. आता सतरा चौकटींना सतरा नावं दिली आहेत. टॉवेल बांधून मी स्वतः तपासली.

संगीताचं लिहायचं राहिलं. मला वाटलं होतं, मी भाचीचं भलं करतो आहे. तुला विचारावं असं डोक्यातसुद्धा आलं नाही. चूक माझी होती, मला माफ कर. हे तुला ऋतुजाच्या तोंडून ऐकावं लागू नये, म्हणून आधी युनिकोड शिकलो आणि मग पत्राला बसलो. साहेबांची चूक दाखवायची हिंमत मला उभ्या नोकरीत झाली नाही. तू मामाची दाखवलीस. मला तुझा फार अभिमान वाटतो, पोरी.

अर्जाला मी हात लावणार नाही. तू सवडीनं भर.
तुझा मामा,
विनोद


लातूर,
२ जुलै २०२५

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र गच्चीवर जाऊन एकटीनं ऐकलं, दोनदा. माझ्या फोनचा आवाज बाईचा आहे. मामा बाईच्या आवाजात माफी मागतात म्हणून आधी हसू आलं, मग रडू. चौपन्नाव्या वर्षी नव्यानं टायपिंग शिकणारा मामा माझ्या हॉस्टेलवर कुणालाच नाही, हे मी सगळ्यांना सांगून आले. युनिकोडात चढवलेल्या नव्या नोटिशीत 'दिव्यांग'चं 'दिवांग' झालं आहे. एकतीस वर्षांतली तुमची पहिली चूक पकडायचा मान माझा.

काल सकाळी अर्जाला बसले. ऋतुजाला शेजारी बसवलं, पण बोलायचं नाही या बोलीवर. नाव, जन्मतारीख, सगळं फोननं विचारलं आणि मी भरलं. विषयाच्या चौकटीत इतिहास निवडला आणि फोनकडून तीनदा वदवून घेतला.

सतराव्या चौकटीशी गाडी अडली. फोन म्हणाला, दिव्यांग अर्जदारासाठी मदतनिसाचे नाव, आवश्यक. रिकामी ठेवली तर अर्ज पुढं जाईना. ऋतुजा म्हणाली, माझं घाल की, कशाला अडून बसायलीस. तुमचंही घालता आलं असतं, आणि ते खोटं झालं नसतं. बराच वेळ विचार केला. मग तिथं माझंच नाव लिहिलं. अर्ज गेला, पोचही आली.

आता तो कागद तपासायला तुमच्याच टेबलावर येईल. वरही विशाखा, खालीही विशाखा. चूक समजून दुरुस्त करू नका.

आशीर्वाद आहेतच, ते तसेच राहू द्यावेत.
आपली भाची,
विशाखा