हुकूम पोचला, सुटका पोचली नाही

प्रिय नाना,

सलाम. हे आधी कच्च्या कागदावर लिहिलं, शब्द न् शब्द तपासला आणि आता पक्कं उतरवतोय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, मला माहीत आहे. पण रोज सकाळी पेपर मीच वाचून दाखवायचो ना? हेही तसंच समजा. तुम्ही गल्ल्यावर डोळे मिटून बसलायत आणि मी वाचतोय.

आज लिहायला बसलो, कारण आपल्या हॉटेलात सिगारेटचं कपाट आलं.

काचेचं आहे, आतून दिवा लागतो. गल्ल्याच्या डाव्या हाताला, तुमच्या खारीच्या बरणीच्या जागेवर ठेवलंय. अजून रिकामं आहे. माल सोमवारी येणार. काल दिवसभर मी त्याच्याकडे पाठ करून चहा गाळला. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ज्यांना सांगायचं ते तुम्हीच ईदच्या आधी निघून गेलात!

लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच हॉटेलांत बिडी-सिगारेटला मनाई असते. मग कळलं, भिवंडीतल्या अख्ख्या कामतघरात ती फक्त आपल्याकडे. शिफ्ट सुटली की लूमवाले केसांत रुई घेऊन यायचे, एका हातात चहाचा ग्लास घ्यायचे आणि दुसरा हात खिशात घालायचे. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "भाई, धुआँ बाहर."

कोणी नवा असला तर विचारायचा, "क्यूँ चाचा, दमा है क्या?"

"दमा नहीं, अंग्रेज़ है."

तो बिचारा गोंधळून बाहेर जायचा. तुम्ही मात्र हसायचा नाहीत. तुमच्या लेखी तो विनोद नव्हताच.

मला तुम्ही सगळं समजावलंत. पेपरात इराणचं नाव आलं की तुमचे डोळे उघडायचे. "थांब. कुठून लिहिलंय हे? यझदमधून की लंडनमधून?" मी बघून सांगायचो. बहुतेक वेळा लंडनच असायचं. मग पेपर बाजूला राहायचा आणि तुमची गोष्ट सुरू व्हायची.

इराणच्या शहाने पैशासाठी देशभरातल्या तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला देऊन टाकला. पिकवायची इराणी शेतकऱ्याने, पण ती घेणार एकच साहेब आणि भाव ठरवणारही तोच. मग मोठ्या आलिमांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, नावाने हुकूम निघाला की आता तंबाखू ओढणं हराम. आणि लोकांनी हुक्के फोडले! बाजारात फोडले, घरात फोडले, शहाच्या जनानखान्यातल्या बायकांनीसुद्धा नवऱ्याचं ऐकलं नाही. तुमचे आजोबा तेव्हा यझदमध्ये कोवळ्या मिशीचे. त्यांनी बापाचा हुक्का अंगणात आपटला आणि त्याच आठवड्यात कारवांबरोबर बंदराकडे निघाले. जहाजाने मुंबई, मुंबईहून भिवंडी. अंगावरचे कपडे आणि तो हुकूम, एवढंच घेऊन आले. त्यांनी हॉटेल काढलं तेव्हा तंबाखू ठेवली नाही. तुमच्या वडिलांनी ठेवली नाही. तुम्हीही ठेवली नाहीत.

नंतर रशिया आणि इंग्रज यांनी तुमचा मुलूख आपसात वाटून घेतला, हे तुम्ही टेबलावर दाखवायचात. सांडलेल्या चहात बोट बुडवून दोन रेघा ओढायच्या. वरचं रशियाचं, खालचं इंग्रजांचं, मधलं तुम्हाला. "आणि इराणला विचारलं का?" मी दरवेळी विचारायचो. "घर वाटताना बकऱ्याला कोण विचारतं?" वरची रेघ यझदवरूनच जायची आणि तुमचं बोट तिथे थोडं थांबायचं. नाना, ती रेघ पुसायला मला बरं वाटायचं नाही. पण फडकं माझ्याच हातात असायचं.

मग तेलाची गोष्ट. एक पंतप्रधान म्हणाला, तेल आमच्या जमिनीतलं आहे, तर ते आमचंच. परक्यांनी पैसे चारून रस्त्यावर माणसं उतरवली आणि त्याला घरी बसवलं. तुम्ही तेव्हा लहान होतात. बातमी ऐकून तुमच्या वडिलांनी दोन दिवस भट्टी पेटवली नाही, आणि गिऱ्हाइकांना वाटलं घरात मयत झालीय.

तिथेच तुम्ही थांबायचात, नाना. दरवेळी तिथेच! "पुढे काय झालं?" विचारलं की म्हणायचात, "पुढचं अम्मेला विचार. ती तिथे राहते." अम्मे, तुमची बहीण, लग्न होऊन यझदला गेलेली.

तुम्ही हे का करायचात? परक्यांनी काय केलं ते तुम्ही इतकं बारीक सांगितलंत की मी नववीत शाळा सोडली तरी तेवढा धडा मला पाठ आहे. पण परका गेल्यावर घरातल्यांनी काय केलं, ते कधीच नाही. मी मोठा झालो, फोनवर बघायला लागलो, तेव्हा कळलं की तिथे आपल्याच लोकांना आपलेच लोक तुरुंगात घालतात. मला वाटलं, तुम्ही मला फसवलंत. हे तुम्हाला बोलायचं राहून गेलं, म्हणून आज लिहिलं. राग आला तर येऊ द्या.

तुम्ही गेल्यावर तुमचे जुने गिऱ्हाईक दामूकाका त्यांच्या गावाहून, खारबावहून आले, तुमच्या खुर्चीसमोर बसून लहान पोरासारखे रडले. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणतात कसे, "काय रं आरिफ, तुजा नाना गेला, पन त्याचा हुकूम काय जात न्हाय! मना ह्या उन्हात रस्त्यावं उभा ऱ्हाऊन बिडी वढाया लागते."

"काका, सोडून द्या ना बिडी."

"चहा सोडीन, बिडी न्हाय. तुज्या नानाला बी हेच सांगलेला."

मामाने ते ऐकलं. मामाला दोष देऊ नका. समोरच्या गाळ्यातले लूम भंगारात गेले, नाक्यावरचे बंद पडले. आता गिऱ्हाईक म्हणजे गोडाऊनची पोरं. त्यांना सुट्टी घोटभर मिळते. चहा आणि सिगारेट एका जागी मिळेल तिथेच ती थांबतात. आपल्याकडे बाक रिकामे आणि पलीकडच्या टपरीवर गर्दी. संध्याकाळी दूध उरतं. अम्मी रोज खीर करते आणि आता ती कोणी खात नाही.

मग तो सिगारेट कंपनीचा माणूस आला. मुलगा नम्र होता, माझ्याच वयाचा. "कपाट फ्री, दिवा फ्री, आतून-बाहेरून रंग फ्री. फक्त रंग आमच्या कंपनीचा असेल आणि माल दुसऱ्या कोणाचा ठेवायचा नाही."

"दुसऱ्या कोणाचा नाहीच?" मी विचारलं.

"गरज काय, सर? सगळं आम्हीच देणार."

नाना, हा तर मक्ताच. ही गोष्ट मी ऐकलेली होती! मी म्हटलं, "आणि उद्या आम्हाला नको झालं तर?" तो हसला. मामा म्हणाला, "याला नानांनी बिघडवलंय, तुम्ही बोला." तो गेल्यावर मामा मला म्हणाला, "हे बघ, ही एक सिगारेट कंपनी आहे. इंग्रज नाही. आणि तू इराण नाहीस." अम्मी मध्ये पडली, "त्याला बोलू नकोस." मामा खारीच्या बरणीची जागा वितीने मोजायला लागला, त्याने ठरवलेलं मला दिसलं.

त्याच आठवड्यात तिकडे इराणात पुन्हा बाँब पडायला लागले. यझदजवळच्या डोंगरावरही पडले. अम्मेचा फोन लागेना. त्या दिवसांत मी पेपर एकटाच वाचला, मोठ्याने, तुमच्या खुर्चीकडे बघून. अम्मीने टोकलं नाही. तीही ऐकत होती.

मग परवा दुपारी फोन वाजला. आवाज आधी आला, चित्र नाही. अम्मेची बोली अजून जुन्या भिवंडीचीच आहे, लग्न होऊन गेली तेव्हाची.

"क्या रे, ज़िंदा हो सब?"

"आम्ही? अम्मे, तुम्ही कशा आहात?"

"काँच गए सब. मैं हूँ." अम्मी रडायला लागली. अम्मे ओरडली, "रो मत! रोने का काम हमारा है, वो भी हमसे ले लोगे क्या?"

आम्ही फोन टेबलावर ठेवला आणि सगळे भोवती बसलो. मी तिला विचारलं, तुम्ही नेहमी टाळायचात ते. बाहेरच्यांनी इतकं छळलं, मग घरातल्यांनी लोकांना मोकळं का नाही सोडलं? तिने फोन जवळ ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सुन. बाहरवाला दरवाज़ा तोड़ता है, तो अंदरवाला बोलता है, देखा? इसीलिए तुमको ताला लगाके रखा था. हम दोनों के बीच में. इतनी ही कहानी है. तेरा नाना आधी बोलता था, आधी मैं जीती हूँ."

मग तिने विषय बदलला. तळघरात शेजारच्या बायका कुराण पढत, थरथरत बसल्या होत्या. मुलं रडत होती. तिने त्यांना आपल्या हॉटेलची गोष्ट सांगितली. हिंदुस्थानात एका गावात एक वेडं कुटुंब आहे. त्यांनी तंबाखूचा हुकूम अजून सोडला नाही! बायका इतक्या हसल्या की एकीचा हिजाब सुटला.

"हसल्या का?" मी विचारलं.

"अरे, मक्ता रद्द हुआ ना! हुक्म थोड़े दिन में वापस लिया. दूसरे दिन से पूरा ईरान हुक्का पी रहा था. मेरे दादा निकल गए थे, उनको ख़बर ही नहीं हुई. हुक्म पहुँचा, छूट नहीं पहुँची. सौ साल से ऊपर हो गए, तुम लोग बैठे हो बिना तंबाकू के!" आणि ती खोकला येईपर्यंत हसली.

मी मामाकडे बघितलं. मामा टेबलाकडे बघत होता.

"नानांना माहीत होतं?"

"मैंने ही बताया था. शादी के बाद पहली बार मायके आई, तब. पूछा, भाई, अब तो रख. तो बोला, साहब को हर्जाना देने के लिए शाह ने क़र्ज़ा किससे लिया? अंग्रेज़ के ही बैंक से. तो जीत कहाँ हुई? जिस दिन जीत की ख़बर सच में आएगी, उस दिन रखूँगा."

नाना! तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं मला वाटलं, तुम्ही एक हुकूम पाळताय. तुम्ही तर बातमीची वाट बघत होतात. म्हणूनच का रोज पेपर वाचायला लावायचात? मी ओळीमागून ओळ वाचत होतो, आणि तुम्ही डोळे मिटून त्या एका ओळीची वाट बघत होतात. एकदा तरी मला सांगायचंत. मी ती ओळ जरा जास्त लक्ष देऊन शोधली असती.

फोन ठेवण्याआधी अम्मे म्हणाली, "एक दुकान तो है दुनिया में, जो अभी तक हमारी तरफ़ है. बंद मत करना, हाँ?" मामा चहाचे ग्लास गोळा करायला लागला. लाइन तुटली का, म्हणून ती हॅलो, हॅलो करत राहिली.

तिला काय माहीत, कपाट दुसऱ्या दिवशी यायचं होतं!

आलं. दामूकाका त्या वेळी चहा पीत होते. कपाटाकडे बराच वेळ बघत बसले, मग उठून रस्त्यावर गेले आणि तिथेच बिडी ओढून परत आले. मामा म्हणाला, "काका, आता आत ओढलीत तरी चालेल."

"सवय हाय रं," ते म्हणाले आणि ग्लास अर्धा ठेवून गेले.

संध्याकाळी मामा माझ्याजवळ आला. "आरिफ, सोमवारपासून त्या कपाटाला तू हात लावू नकोस. मी देईन. पाप लागलं तर मला लागू दे."

"पापाचं नाही, मामा."

"मग कशाचं आहे?"

मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागलो. त्याच्या पोराची फी आणि आपले रिकामे बाक, हे दोन्ही मला दिसत होतं. आणि खरं सांगू? मामा चुकलाय असं मला ठामपणे म्हणता येत नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला म्हणता आलं असतं का?

येत्या शुक्रवारी, जुम्याला, अम्मेचा फोन येईल. अम्मी म्हणते, कपाटाचं काही सांगू नकोस, म्हातारी आहे, हसू दे तिला चार दिवस. मामाही तेच म्हणतो. सगळे तिच्या भल्यासाठीच म्हणतात.

म्हणून हे वचन देतोय, नाना. कपाट परत पाठवणं माझ्या हातात नाही. पण फोन मी उचलेन. आधी तिच्या खिडक्यांना काच बसली का ते विचारेन आणि मग जे आहे ते सांगेन. तिने विचारलं नाही तरी सांगेन. ती रडेल, शिव्या देईल, कदाचित पुन्हा फोन करणार नाही.  पण तिला जन्मभर प्रत्येकाने तिच्या भल्यासाठीच खोटं सांगितलं, बाहेरच्यांनीही आणि घरातल्यांनीही. त्या रांगेत आपलं घर मी उभं राहू देणार नाही.

तुमचा नातू,
आरिफ