लेबले धुतलेल्या एकेचाळीस तबकड्या

मी, वर्डेल ऑगस्टस गॅस्किन्स, वय एकोणसत्तर, एकेकाळी पार्कातला डीजे आणि नंतर एकतीस वर्षे शाळेच्या बसचा ड्रायव्हर, राहणार दक्षिण ब्रॉन्क्स, न्यू यॉर्क, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डोके नाही. आठवड्यातून तीन दुपारी मला रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडतात आणि तिथल्या खुर्चीत माझा डोळा लागतो. त्या गुंगीत जे दिसते तेही खाली आले आहे. वकिलीणबाईंनी ते गाळायला सांगितले होते, मी गाळलेले नाही. याआधी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

एक. राहते घर भाड्याचे आहे, ते घरमालकाचेच राहील. घरातील सामान आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी शार्मेन हिला. तपकिरी कोच टाकून देण्याची तिची दहा वर्षांची इच्छा तिने आता खुशाल पुरी करावी.

दोन. तबकड्या वाजवायची दोन्ही टर्नटेबले कोपऱ्यावरच्या चर्चच्या तळघराला. डावीकडच्याची सुई उडते, तिच्या दांड्यावर वजनाला एक पेनी, म्हणजे एका सेंटचे नाणे, ठेवावी लागते. ती पेनी चिकटवलेली आहे, कोणी सोडवू नये.

तीन. आमच्या ड्रमचा ताल उचलून त्यावर गाणे करणारा आणि टीव्हीवर ‘हा माझ्या गल्लीचा आवाज’ म्हणणारा तो गोरा गायक. त्याला मी काहीही ठेवत नाही. त्याने आधीच घेतले आहे.

चार. आता पेटी. तिच्यात एकेचाळीस तबकड्या आहेत आणि एकीवरही नाव नाही, फक्त आम्ही घातलेले नंबर. १९७६ च्या उन्हाळ्यात मी आणि वरच्या मजल्यावरचा माझा पोर्तोरिकन मित्र हेक्टर माल्दोनादो, आम्ही दोघांनी सगळी लेबले माझ्या आईच्या टबात कोमट पाण्यात भिजवून सोडवली. सगळेच डीजे तसे करत. गाणे थांबून नुसते ड्रम उरतात तो तुकडा ज्याला सापडला त्याचा, आणि खांद्यावरून डोकावून कोणी त्याचे नाव वाचता कामा नये. सात नंबरची तबकडी हेक्टरने शोधलेली. तिच्या दोन प्रती शेजारीशेजारी लावून आम्ही तो चार सेकंदांचा तुकडा दुपारभर लांबवत असू, आणि अख्खे पार्क नाचत असे.

खुर्चीत डोळा लागला की मला तोच टब दिसतो. लाल, निळी, पिवळी लेबले पाण्यावर हलकेच फिरत असतात. आई बाहेरून दार ठोठावते, हेक्टर बाह्या दुमडून एकेक लेबल उचलतो, आणि पाणी कितीही उपसले तरी टबाचा तळ लागत नाही. मला तेव्हा फार बरे वाटते.

पाच. १९८१ साली वर्तमानपत्राचा गोरा बातमीदार फोटो काढायला आला. हे संगीत कोणाचे, असे त्याने विचारले. मी म्हणालो, आमचे, काळ्यांचे. ते खरे होते, आजही आहे. पण हेक्टर काळ्यांत मोडत नव्हता, म्हणून लगेच मी त्याला म्हणालो, “तू जरा बाजूला हो गड्या, फोटोत उगाच गोंधळ दिसतो.” तो वायर धरून स्पीकरमागे गेला. फोटोत त्याचे फक्त कोपर आले आहे. तो फोटो पुढे पुस्तकांत छापला गेला, आणि ते कोपर कोणाचे हे मी कधी सांगितले नाही. त्याची मला लाज वाटते. त्रेचाळीस वर्षे आम्ही बोललो नाही.

सहा. गेल्या जानेवारीत एका विद्यापीठाच्या संग्रहालयातून प्राध्यापक किर्स्टन आल्ग्रेन आल्या. गोऱ्या, पण कान चांगला. पांढरे हातमोजे घालून त्यांनी सात नंबर ऐकली आणि विचारले, “हे वाजवलंय कोणी?” मी तोंड उघडले आणि नाव आलेच नाही. आमची नावे पुसली म्हणून आयुष्यभर ओरडणारा मी, माझ्याच आईच्या टबात कोणाचे तरी नाव पुसून बसलो होतो. बाई पेन धरून थांबल्या. मी म्हणालो, एका माणसाला विचारावे लागेल.

सात. शार्मेनने मला हेक्टरकडे नेले. दार उघडून तो म्हणाला, “मेला नाहीस अजून?” मी म्हणालो, “प्रयत्न चालू आहेत.” त्याने आत घेतले, कॉफी केली आणि त्याच्या आईचे प्रार्थनेचे पुस्तक पुढे ठेवले. पानापानांत आमची लेबले वाळून चपटी झालेली, पाठीमागे पेन्सिलीने नंबर. “कोणाचं तरी नाव होतं त्यावर,” तो म्हणाला. “गटारात कसं सोडणार?”

सात नंबरवर होते लिंडक्विस्ट ब्रदर्स, नेब्रास्का. शार्मेनने फोनवर त्यांचा फोटो शोधला. शेतावर उभे तीन भाऊ, पिठासारखे गोरे. आम्ही दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. म्हणून हे संगीत गोऱ्यांचे होत नाही. चार सेकंद त्यांचे होते, दुपार आम्ही केली, ज्या गल्लीत कोणी पाऊल टाकायला तयार नव्हते त्या गल्लीत. तरी नाव त्यांचे होते आणि ते मी धुतले.

आठ. ही पेटी मी हेक्टर माल्दोनादो याला देतो.

वरील कलम आज सहीपूर्वी रद्द केले आहे, त्याचे कारण असे. आज या मृत्युपत्राच्या वाचनाला हेक्टर हजर होता. एक साक्षीदार कमी पडला, तेव्हा त्याने विचारले, “मी सही केली तर?” वकिलीणबाई म्हणाल्या, मग पेटी मिळणार नाही, साक्ष देणाऱ्याला कायदा वारसा घेऊ देत नाही.

“मग पेटी राहू दे,” तो म्हणाला. “मी तिथे होतो, एवढं एका कागदावर येऊ दे.”

मी त्याला समजवायला गेलो.

“गप बस, वर्डेल. या वेळी मी बाजूला होणार नाही.”

नऊ. सबब पेटी शार्मेनला. लेबले हेक्टरच्या हातून परत चिकटवून घ्यावीत. संग्रहालयाने हव्या तितक्या नकला घ्याव्यात. तबकड्या कोणीही, कोणत्याही रंगाच्या माणसाने वाजवाव्यात, हातमोजे न घालता. मात्र सुई टेकवण्याआधी लेबलावरचे नाव मोठ्याने वाचायचे, आणि सात नंबरच्या वेळी ती शोधणाऱ्याचेही नाव घ्यायचे. ते खाली आहे.

ठिकाण: दक्षिण ब्रॉन्क्स, न्यू यॉर्क
दिनांक: ७ जून २०२४

लिहून ठेवणार: वर्डेल ऑगस्टस गॅस्किन्स

आमच्यासमक्ष सही केली:
ओपल ट्रॅमेल, शेजारीण
हेक्टर लुईस माल्दोनादो, सात नंबर शोधणारा