बुधवारची रात्र

रोद्री,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. नेस्टा तुझ्याकडे का येत नाही, असं तू विचारलंस. पोट दुखतंय तिचं, असं मी सांगितलं. ते खोटं होतं.

शनिवारबरोबर बुधवारचीही रात्र तिने तुझ्याकडे राहावं, असं तू म्हणालास, तेव्हा ती घरभर नाचली. "बाबाला मी आणखी हवी आहे!" नऊ वर्षांची पोर. मला ते बघवलं नाही. मी तिला शेजारी बसवलं आणि सरकारी साइटवर तुझा पगार भरून तिच्यासाठीच्या पोटगीचा आठवड्याचा अंदाज काढून दाखवला. आठवड्याला एक रात्र असेल तर बहात्तर पौंड, दोन असतील तर साठ.

"बघ," मी म्हटलं, "तू एक रात्र जास्त राहिलीस की बाबाचे बारा पौंड वाचतात. म्हणून हवी आहेस तू त्याला."

स्वान्सीच्या घरात तू तिच्यासाठी खोली पिवळी रंगवलीस, हे मला ठाऊक होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

रडेल असं वाटलं होतं. तिने स्क्रीनवरच्या दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी गेले की तुझे बारा पौंड जातात. म्हणून तू मला पाठवत नाहीस?"

मी तिच्या थोबाडीत दिली.

काल ती शाळेतून परस्पर माझ्या आईकडे गेली. दारातच तिने विचारलं, "आजी, तुला माझे पैसे मिळत नाहीत ना? मग मी इथेच राहते."

मॉर्वेना