माझा भाऊ हयातीत माणूस होता, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान प्रांत ऑफिसरसाहेब,
सोलापूर.

विषय : माझा भाऊ कै. धुळाप्पा मेटकरी, राहणार मौजे चिंचखोरी, हा हयातीत माणूस होता, असा सरकारी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे पूर्वीचे अर्ज, जे निरनिराळ्या कचेऱ्यांत पडून आहेत.

महोदय,

१. ही हकीकत सन १९२७ च्या चंपाषष्ठीपासूनची आहे. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवीत असे; आता सत्तरीला आले आहे. आमची जात धनगराची. मी लहान असताना मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आईने मला शहरातल्या अनाथाश्रमात सोडले आणि अंगावर पिणाऱ्या धुळाप्पाला खंडोबाच्या पायावर घातले. वाचला तर तुझा वाघ्या, असे ती बोलली. मी अक्षरे शिकले. तो वाचला.

२. वाघ्या म्हणजे देवाचे कुत्रे. यात्रेच्या दिवशी आमच्या वाडीचे वाघ्ये घोंगडी पांघरून हातापायांवर चालतात, भुंकतात, आणि लाकडी कोटंब्यातले दूध-रोडगा हात न लावता तोंडाने खातात. कळपाचे कुत्रे जसे लांडग्याला आडवे जाते तसे वाडीवरच्या संकटाला आडवे जायचे, असा त्याचा अर्थ. सुट्टीत मी वाडीला गेले की धुळाप्पा दारामागून भुंके आणि विचारी, "आक्का, खरा वाटतोय का न्हाय?" भंडाऱ्याने पिवळे झालेले त्याचे कान मला अजून दिसतात.

३. त्या वर्षी प्रोफेसर खळदकर नावाचे विद्वान विलायतेहून शिकून वाडीत उतरले. कातडे पांघरून लांडगा होणारी माणसे, थडग्यातून उठून रक्त पिणारी प्रेते, अशा युरोपातल्या दंतकथांचा त्यांचा अभ्यास होता. आपल्याकडेही तसे काही निघावे अशी त्यांची फार इच्छा होती. हडळ विचारून झाली, मुंज्या विचारून झाला, मनासारखे मिळेना. मग त्यांनी यात्रा पाहिली. फोटो काढताना म्हणाले, घोंगडीने शोभा येत नाही. पाटील हिंदुराव यांच्या सोप्यात मारलेल्या लांडग्याचे कातडे टांगले होते, ते पांघराल का? वाघ्याने ते पांघरणे म्हणजे राखणदाराने चोराचा अंगरखा घालणे. मी तिथेच होते, मी नको म्हटले. धुळाप्पा म्हणाला, "पाव्हणा लई लांबनं आलाय, आक्का. त्येचं मन कशापायी मोडायचं?" त्याने कातडे पांघरले आणि सांगितले म्हणून दातही दाखवले.

४. पुढे प्रोफेसरांचे पुस्तक निघाले. पहिल्याच पानावर सरकारी मदतीबद्दल आभार आहेत. आत तो फोटो, खाली माझ्या भावाचे नाव व गाव, आणि 'लांडगा होणारा मनुष्य' असा मजकूर. भुंकण्याचा उल्लेख आहे, कुत्र्याचा नाही. मी पत्राने हरकत घेतली. उत्तर आले की पुढील आवृत्तीत गावाच्या नावाचे शुद्धलेखन सुधारले जाईल.

५. सन १९३० च्या उन्हाळ्यात गोजरबाईची तान्ही मुलगी दारातून लांडग्याने नेली. धुळाप्पा सर्वांबरोबर माळ पालथा घालत होता. परतला तेव्हा बाभळींनी त्याचे हात रक्तबंबाळ झाले होते. तोवर शाळामास्तरांनी ते पुस्तक चावडीत आणून फोटो दाखवला होता. त्याला आणि त्याची बायको केराबाई हिला दगड मारून वाडीबाहेर काढले. जाताना तो म्हणाला, "मी लांडगा असतो तर आदी पाटलाची मेंढरं खाल्ली असती की!" कोणी हसले नाही.

६. त्याच पावसाळ्यात कुत्र्यांनी एक लांडगी मारली. तिच्या बिळात मुलीचे वाळे सापडले. मी पाटलांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, आमास्नी समदं कळतंय. पर सरकारच्या मदतीनं छापलंय. आता सरकारनंच उलटं लिवून द्यावं, मग घेऊ वाडीत."

७. तेव्हापासून मी दाखला मागत फिरत आहे. एका डॉक्टरांनी सांगितले, माणूस दिसतो खरा, पण नुसत्या दिसण्यावरून सही करता येत नाही. जंगलाकडील एका कचेरीने कळविले की लांडग्याचे कातडे हजर केल्यास बक्षीस मिळेल. शेवटी ढोरांच्या डॉक्टरांनी लिहून दिले की सदर इसम आमच्याकडील कोणत्याही जनावरात मोडत नाही. तो कागद घेऊन मी वाडीला गेले. चावडीतून प्रश्न आला, "जनावर न्हाय म्हंजी मानूस हाय, आसं कुटं लिवलंय ह्यात?"

८. आता कोणाचे काय झाले ते लिहिते, म्हणजे आपणांस चौकशीचा त्रास नको. प्रोफेसर मोठ्या हुद्द्यावर चढले; त्यांचे पुस्तक कॉलेजात शिकवतात. शाळामास्तरांची अकलूजकडे बदली झाली; पुस्तक ते बरोबर घेऊन गेले. हिंदुराव पाटील वारले. त्यांच्या मुलाकडे पाटीलकी आली आणि ती अटही. गोजरबाईला मुलगा झाला. ती केराबाईला चोरून ताक नेऊन देते, पण मुलाला तिच्या सावलीला जाऊ देत नाही. धुळाप्पा गेल्या भाद्रपदात सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत वारला. मयताची नोंद करणाऱ्या कारकुनाने मान वर न करता 'पुरुष' असे लिहिले. त्याने पुरावा मागितला नाही, फोटोही मागितला नाही. जे माझ्या भावाला मेल्यावर न मागता मिळाले ते तो जिवंत असतानाही खरे होते, एवढेच आपण सहीशिक्क्याने लिहून द्यावे. केराबाई वाडीच्या वेशीबाहेर पालात बसली आहे. माझ्याकडे राहा म्हटले तर येत नाही. म्हणते, "माजं घर हितं हाय. लांडग्याची बायकू म्हनून न्हाय मरायची मी."

उत्तराची वाट पाहण्यास फार दिवस हाती नसलेली,
राजाबाई मेटकरी
सोलापूर, ता. १४ जानेवारी १९३८

सोबत : ढोरांच्या डॉक्टरांचे पत्र, मयताचा दाखला. फोटो मुद्दाम जोडलेला नाही.